बलाला कर्ता हवा: गतीची गणितं सोडवण्याची एक रीत

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा गतीच्या नियमांचा. जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालून होत नाहीत तोच मुलांसमोर तीन नियम आणि तीन समीकरणं येऊन उभी राहतात. मुलं ती पाठ करतात, आकडे सूत्रात भरतात, उत्तरही बरोबर काढतात. मग मी फळ्यावर एक चेंडू काढतो. हातातून सुटलाय, अजून वर चाललाय. त्याच्यावरची बलं बाणांनी दाखवा असं सांगितलं की बहुतेक वह्यांत एक बाण वर गेलेला असतो. "सर, हाताचं बल आहे ना अजून त्याच्यात!"

तो बाण चुकीचा आहे. हात केव्हाच मागे राहिला. पण या चुकीला हसू नये. गती टिकवायची तर काहीतरी सतत ढकलत राहायला हवं, अशीच समजूत अ‍ॅरिस्टॉटलपासून जवळजवळ दोन हजार वर्षं चालत आली होती. गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून ती तपासली आणि १६८७ साली न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'मध्ये तिची जागा नव्या नियमांनी घेतली. इतकी जुनी समजूत पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनातून एका तासात जात नाही. ती काढण्यासाठी मी जी रीत वापरतो ती इथे पायरीपायरीने मांडतो. नववी-दहावीच्या मुलांना ती उपयोगी पडेल, अकरावीला गेलेल्यांना तर फारच.

कर्ता, कर्म आणि दिशा

बल म्हणजे वस्तूत भरून ठेवलेली चीज नव्हे. बल म्हणजे एका वस्तूने दुसऱ्या वस्तूला ओढणं किंवा रेटणं. म्हणजे ते क्रियापद आहे, आणि मराठीच्या तासाला शिकलेलं व्याकरण इथे जसंच्या तसं लागू पडतं: क्रियापद आलं की कर्ता विचारायचा, कर्म विचारायचं.

"टेबल पुस्तकाला वर रेटतं." कर्ता टेबल, कर्म पुस्तक, दिशा वर. हे बल खरं.

"पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते." कर्ता पृथ्वी, कर्म पुस्तक, दिशा खाली. हेही खरं.

आता वर जाणाऱ्या चेंडूचं वाक्य करून पाहा. "____ चेंडूला वर ढकलतंय." रिकाम्या जागी काय लिहाल? हात? तो चेंडूला शिवतही नाही. हवा? ती तर चेंडूच्या वाटेत आडवी येते. कर्ता मिळत नाही, म्हणून तो बाण खोडायचा. मग चेंडू वर कसा जातो? हाताने त्याला वेग दिला, बल नाही. वेग त्याच्याजवळ राहतो, बल हातासोबत संपतं. आणि एकदा मिळालेला वेग बदलायला बल लागतं, टिकवायला लागत नाही. हाच न्यूटनचा पहिला नियम. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर-१ हे यान आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चाललं आहे, आणि त्याला पुढे ढकलणारं इंजिन चालू नाही.

पायऱ्या, पोहऱ्याच्या उदाहरणासह

विहिरीवर कप्पी आहे, दोराला पोहरा बांधलाय, पाण्यासकट त्याचं वस्तुमान १० किलो. दोरात किती ताण आहे?

पहिली पायरी: एकच वस्तू निवडा. इथे पोहरा. वहीवर फक्त पोहरा काढा. विहीर, कप्पी, माणूस, काहीही काढू नका. पूर्ण देखावा काढला की बाण एकमेकांत गुंततात आणि कुठलं बल कुणावर आहे हेच कळेनासं होतं. चित्र सुंदर असायची गरज नाही, एक चौकोन पुरतो.

दुसरी पायरी: कर्ते शोधा. शालेय गणितात दूर राहून ओढणारी एकच गोष्ट बहुधा असते, ती म्हणजे पृथ्वी. (चुंबक किंवा विद्युतप्रभार असेल तर तसं प्रश्नातच दिलेलं असतं.) बाकी प्रत्येक कर्ता वस्तूला प्रत्यक्ष शिवलेला असायला हवा. म्हणून वस्तूच्या कडेने बोट फिरवा आणि विचारा, हिला कोण कोण शिवतंय? पोहऱ्याला दोर शिवतोय. हवाही शिवते, पण इतक्या कमी वेगाला तिचा अडथळा सोडून देता येतो. हात पोहऱ्याला शिवत नाही, कप्पीही शिवत नाही. म्हणून पोहऱ्याच्या चित्रात हाताचा बाण येणार नाही. हात दोराला ओढतो, दोर पोहऱ्याला.

तिसरी पायरी: प्रत्येक कर्त्याचा एकेक बाण. पृथ्वीचा खाली: १० × ९.८ = ९८ न्यूटन. दोराचा वर: हाच शोधायचाय. बाणाशेजारी नुसतं "बल" न लिहिता "दोर पोहऱ्याला" असं लिहा. परीक्षेत नाही लिहिलंत तरी चालेल, पण सरावाच्या वहीत महिनाभर लिहाच.

चौथी पायरी: एक दिशा धन ठरवा. गती ज्या बाजूला आहे ती सहसा सोयीची. इथे वर धन.

पाचवी पायरी, आणि इथेच सगळं ठरतं: वस्तूचा वेग बदलतोय का? बदलत नसेल तर बलांची बेरीज शून्य. बदलत असेल तर बेरीज = वस्तुमान × त्वरण (त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेग किती बदलतो ते). वस्तू हलते की नाही हा प्रश्नच विचारायचा नाही. तिचा वेग बदलतो की नाही हा विचारायचा.

पोहरा एकाच वेगाने वर येतोय: ताण − ९८ = ०, म्हणून ताण ९८ न्यूटन. इथे मुलं अडखळतात. "वर येतोय म्हणजे वरचं बल जास्त हवं ना?" नाही. जास्त बल वेग वाढवण्यासाठी लागतं. सुरुवातीला क्षणभर ते जास्त होतंच. एकदा वेग मिळाला की बरोबरीवर काम चालतं.

आता कुणी हिसका दिला आणि पोहरा २ मी/से² त्वरणाने वर उचलला: ताण − ९८ = १० × २, म्हणून ताण ११८ न्यूटन. जुना, कुजत आलेला दोर हळू ओढला तर टिकतो आणि हिसक्याला तुटतो, हे विहिरीवर पाणी भरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते गणितात इथे दिसतं.

सहावी पायरी: उत्तराकडे एकदा नीट बघा. एकक न्यूटन आलं का? आकडा पटण्यासारखा आहे का? एक किलोची पिशवी हातात धरली की जेवढा भार जाणवतो तो साधारण १० न्यूटन. ११८ न्यूटन म्हणजे बारा किलोच्या आसपासचा भार. पटतं. उत्तर ११,८०० आलं असतं तर कुठेतरी गडबड झाली, हे शिक्षकांनी सांगायच्या आधी तुम्हालाच कळलं असतं.

जाता जाता: एकाच कप्पीने बल कमी होत नाही, फक्त दिशा बदलते. पण खाली ओढताना स्वतःच्या वजनाची मदत घेता येते, म्हणून काम सोपं वाटतं. त्याची मर्यादाही तिथेच आहे. ४० किलोचा मुलगा ५० किलोचं पोतं एका कप्पीवरून नुसता दोराला लटकून उचलू शकणार नाही. पोतं जमिनीवरच राहील.

टेबलावरचं पुस्तक: जोडी कोणाची?

हा प्रश्न छोटा आहे, पण वर्षानुवर्षं चुकत आला आहे. पुस्तकाचं वजन खाली, टेबलाचा रेटा वर, दोन्ही समान आणि विरुद्ध. म्हणून हीच क्रिया-प्रतिक्रियेची जोडी, असं मुलं सांगतात. कर्ता-कर्माची कसोटी लावा. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली जोडी म्हणजे कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल, बाकी काही नाही.

"टेबल पुस्तकाला वर रेटतं" याची जोडी "पुस्तक टेबलाला खाली रेटतं".

"पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते" याची जोडी "पुस्तक पृथ्वीला वर ओढतं".

आपण जी दोन बलं धरली होती त्या दोघांचं कर्म एकच आहे, पुस्तक. म्हणून ती जोडी होऊच शकत नाही. ती समान आहेत ती पहिल्या नियमामुळे, कारण पुस्तक स्थिर आहे. टेबल झटकन खाली सरकवलं तर टेबलाचा रेटा नाहीसा होईल, पण पृथ्वीची ओढ तशीच राहील. तिसऱ्या नियमाची जोडी अशी कधीच तुटत नाही.

उसाची बैलगाडी

आता ते जुनं कोडं. बैल गाडीला जेवढ्या बलाने पुढे ओढतात तेवढ्याच बलाने गाडी बैलांना मागे ओढते. मग गाडी हलतेच कशी? पाठ्यपुस्तकी उत्तर असतं, "ती बलं वेगवेगळ्या वस्तूंवर आहेत." बरोबर आहे, पण त्यातून मुलांचं समाधान होत नाही. म्हणून आकडे घेऊन शेवटपर्यंत जाऊ.

टायरची गाडी आणि ऊस मिळून २००० किलो. बैलजोडी ८०० किलो. रस्त्याचा गाडीला होणारा अडथळा ५०० न्यूटन. गाडी ०.१ मी/से² त्वरणाने निघते आहे.

आधी फक्त गाडी. आडव्या दिशेने तिला कोण काय करतंय? बैल जुवातून पुढे ओढतात, रस्ता मागे अडवतो. ओढ − ५०० = २००० × ०.१ = २००. म्हणजे ओढ ७०० न्यूटन.

आता फक्त बैल. गाडी काढूच नका. गाडी त्यांना ७०० न्यूटनने मागे ओढते. जोडीतलं दुसरं बल हेच. मग पुढे कोण ढकलतंय? बैल स्वतःला ढकलू शकत नाहीत, कर्ता आणि कर्म एकच असून चालत नाही. बैलांना शिवणारी दुसरी एकच गोष्ट उरते, जमीन. बैल खुरांनी जमिनीला मागे रेटतात आणि जमीन बैलांना पुढे रेटते. जमिनीचा रेटा − ७०० = ८०० × ०.१ = ८०. म्हणजे जमिनीचा रेटा ७८० न्यूटन.

पडताळा हवा असेल तर बैल आणि गाडी मिळून एकच वस्तू धरा, २८०० किलोची. जुवातली दोन्ही बलं आता आतली झाली, ती मोजायची नाहीत. बाहेरची: जमीन पुढे ७८०, रस्ता मागे ५००. बेरीज २८०. आणि २८०० × ०.१ = २८०. जुळलं.

बैलांना पुढे नेणारं बल जमिनीचं आहे, हे ऐकून मुलं आधी मान हलवतात आणि नंतर विचारात पडतात. पावसाने ओल्या झालेल्या गुळगुळीत डांबरावर बैलाचा पाय घसरताना आठवा. बैलाची ताकद तितकीच असते, गाडी तीच, पण जमीन पुरेसा रेटा देऊ शकत नाही. आपलं चालणं, सायकलचं पळणं, एसटीचं चढ चढणं, सगळीकडे हेच आहे. घर्षण म्हणजे गतीचा शत्रू, असं एका ओळीत शिकवलं जातं ते मला म्हणूनच पटत नाही. चालताना आपल्याला पुढे नेतं ते घर्षणच.

कपाट सरकत का नाही, आणि घर्षणांक घरी कसा मोजायचा

६० किलोचं लोखंडी कपाट. तुम्ही १०० न्यूटनने ढकललं, हललं नाही. घर्षण किती? सूत्रात आकडे टाकण्याची घाई करू नका. वेग बदलला नाही, म्हणून बेरीज शून्य, म्हणून घर्षण नेमकं १०० न्यूटन. २०० ने ढकललं आणि तरी हललं नाही, तर घर्षण २००. स्थितिक घर्षण, म्हणजे वस्तू सरकण्याआधीचं घर्षण, गरजेपुरतंच असतं, एका कमाल मर्यादेपर्यंत. घर्षणांक गुणिले लंब रेटा हे सूत्र त्या मर्यादेचं आहे. लंब रेटा म्हणजे जमीन कपाटाला वर रेटते तो, इथे वजनाएवढा: ६० × ९.८ = ५८८ न्यूटन. स्थितिक घर्षणांक ०.४ धरला तर कमाल घर्षण ०.४ × ५८८, म्हणजे सुमारे २३५ न्यूटन. २४० ने ढकललं की कपाट सुटतं, आणि सुटल्याबरोबर घर्षण कमी होतं. गतिक (सरकत असतानाचा) घर्षणांक ०.३ धरला तर ते १७६ वर येतं. आता ६४ न्यूटन शिल्लक, त्वरण १ मी/से² पेक्षा थोडं जास्त. जड कपाट एकदम सुटून पुढे जातं ते यामुळे. ढकलताना समोर कुणाला उभं करू नका.

घर्षणांक मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. एक लाकडी फळी, कंपासपेटी आणि पट्टी घ्या. पेटी फळीवर ठेवा. फळीचं एक टोक अगदी सावकाश उचलत जा. पेटी ज्या क्षणी घसरू लागेल तिथे थांबा आणि दोन मापं घ्या: उचललेल्या टोकाची जमिनीपासूनची उंची, आणि त्या टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून टेकलेल्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. उंची ÷ आडवं अंतर हाच स्थितिक घर्षणांक. उंची २० सेंटिमीटर आणि आडवं अंतर ५० सेंटिमीटर असेल तर ०.४.

असं का? उतारावर पृथ्वीची ओढ दोन भागांत वाटली जाते. फळीच्या बाजूने खाली घसरवणारा भाग = वजन × उंची ÷ फळीची लांबी. फळीवर दाबणारा भाग = वजन × आडवं अंतर ÷ फळीची लांबी. पेटी सुटण्याच्या क्षणी घसरवणारा भाग घर्षणाच्या कमाल मर्यादेएवढा झालेला असतो. एकाला दुसऱ्याने भागलं की वजन आणि लांबी दोन्ही उडून जातात.

वजन उडून जातं, याचा पडताळा नक्की घ्या. पेटीत नाणी भरा आणि पुन्हा मोजा. जड पेटी लवकर घसरेल असं बहुतेकांना वाटतं. ती जवळजवळ त्याच उंचीवर घसरते. प्रत्येक माप किमान पाच वेळा घ्या, फळी पुसून घ्या, पेटी दर वेळी त्याच जागी ठेवा आणि मग सरासरी काढा. मापं थोडी पुढेमागे येतीलच. घर्षणाचा स्वभावच तसा आहे, त्यासाठी आकडे "जुळवून" लिहू नका.

उताराचं हेच गणित बोरघाटात रेल्वेला रोज करावं लागतं. १८६३ साली सुरू झालेल्या या घाटमार्गावर कर्जतहून लोणावळ्याला चढताना रुळांचा कमाल चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. १००० टनांच्या गाडीचं वजन ९८ लाख न्यूटन. त्याचा सदतिसावा भाग म्हणजे सुमारे २.६५ लाख न्यूटन एवढी ओढ गाडीला सतत मागे खेचत असते. वेग वाढवणं राहू दे, नुसतं एका वेगाने चढायलाच तेवढं बल पुढच्या दिशेने हवं. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागतात. आकडा एकदा वहीत काढला की कर्जतचा तो थांबा वेगळाच दिसायला लागतो.

लिफ्टमध्ये वजनकाटा

तुमचं वस्तुमान ५० किलो. लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभे आहात. तुम्हाला काटा शिवतोय आणि पृथ्वी ओढतेय. लिफ्टचा दोर तुम्हाला शिवत नाही, तो चित्रात आणू नका. काटा दाखवतो तो त्याने तुम्हाला दिलेला रेटा.

लिफ्ट १ मी/से² त्वरणाने वर निघाली: रेटा − ४९० = ५०, रेटा ५४० न्यूटन, काट्यावर सुमारे ५५ किलो. मधले मजले एकाच वेगाने जाताना पुन्हा ५०. वरच्या मजल्यावर थांबताना, म्हणजे वर जात असताना वेग कमी होताना, त्वरण खालच्या दिशेने असतं: रेटा ४४० न्यूटन, काट्यावर सुमारे ४५. सोसायटीच्या लिफ्टमध्ये घरचा काटा नेऊन हे खरंच करून पाहा. बदल फक्त निघताना आणि थांबताना दिसतो, आणि पाचवी पायरी डोळ्यांसमोर येते.

लिफ्ट मुक्तपणे पडत असती तर काटा शून्य दाखवता. अंतराळस्थानकातले अंतराळवीर तरंगतात ते याच कारणाने. तिथे गुरुत्वाकर्षण नाही म्हणून नव्हे. ४०० किलोमीटर उंचीवरही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के असते. स्थानक आणि अंतराळवीर दोघंही एकत्र पडत आहेत, म्हणून रेटा कुणालाच कुणाचा नाही.

एसटीतला धक्का

ब्रेक लागला की आपण पुढे "फेकले जातो". वाक्य पूर्ण करा: "____ मला पुढे फेकतंय." कर्ता मिळत नाही. कुणी फेकत नाही. बस थांबायला लागते आणि आपण आधीच्याच वेगाने पुढे जात राहतो, समोरचा दांडा किंवा सीटबेल्ट आपल्याला मागे रेटेपर्यंत. वळणावर बाहेर फेकलं जाण्याचंही तेच. बस वळते, आपण सरळ जाऊ पाहतो, आणि खिडकीकडची बाजू आपल्याला आत रेटून वळवते. खरं बल आतल्या दिशेचं आहे.

तीनपैकी कुठलं समीकरण?

बलावरून त्वरण मिळालं की पुढचं काम गतीच्या समीकरणांचं. त्वरण स्थिर असेल तरच ती वापरायची, ही अट आधी तपासा. मग पाच राशी एकाखाली एक लिहा: सुरुवातीचा वेग, अंतिम वेग, त्वरण, काळ, विस्थापन. प्रश्नात कुठल्या दिल्या आहेत, कुठली विचारली आहे, ते मांडा. जिचा उल्लेखच नाही, ती राशी ज्या समीकरणात नाही ते निवडा. विस्थापनाचा उल्लेख नसेल तर अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × काळ. अंतिम वेगाचा नसेल तर विस्थापन = सुरुवातीचा वेग × काळ + अर्धा × त्वरण × काळाचा वर्ग. काळाचा नसेल तर अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन.

मोटारसायकल ताशी ६० किलोमीटरने जातेय, कोरडा रस्ता, ब्रेकमुळे वेग ७ मी/से² दराने घटतो. किती अंतरात थांबेल? काळाचा उल्लेख नाही, म्हणून तिसरं समीकरण. आधी एकक बदला: ६० × ५ ÷ १८ = १६.७ मी/से. अंतिम वेग शून्य, त्वरण उणे ७. विस्थापन = १६.७ चा वर्ग ÷ १४, सुमारे २० मीटर. ब्रेक दाबण्याआधी, समोरचं दिसून हात-पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला तर त्यात १६.७ मीटर आधीच गेले. एकूण जवळजवळ ३७ मीटर. ताशी ३० ला ब्रेकचं अंतर फक्त ५ मीटर होतं. वेग दुप्पट, अंतर चौपट, कारण वेगाचा वर्ग. पावसात रस्त्याची पकड निम्मी झाली तर ताशी ६० चे २० मीटर ४० होतात. गाडी चालवायला शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने हे गणित स्वतःच्या हाताने एकदा करावं, असं मला मनापासून वाटतं.

चिन्हांच्या चुका टाळायच्या तर सुरुवातीच्या चेंडूकडे परत या. वर धन धरलं तर त्वरण −९.८, जाताना, माथ्यावर आणि येताना, सतत तेच. माथ्यावर वेग शून्य होतो, त्वरण नाही. पृथ्वीची ओढ तिथे थांबली असती तर चेंडू तिथेच राहिला असता. १४ मी/से वेगाने फेकला तर उंची = १९६ ÷ १९.६ = १० मीटर, काळ = १४ ÷ ९.८ = १.४३ सेकंद. पडताळा: वेग १४ वरून शून्यावर आला, सरासरी ७; ७ × १.४३ = १०. जुळलं.

स्वतः सोडवण्यासाठी

गुळगुळीत फरशीवर ४ किलो आणि ६ किलोची दोन खोकी एकमेकांना चिकटून आहेत. ४ किलोच्या खोक्याला ३० न्यूटनने ढकललं. पहिलं खोकं दुसऱ्याला किती बलाने रेटतं? घर्षण धरू नका.

पॅराशूट उघडून एकाच वेगाने खाली येणारा माणूस, पॅराशूटसकट ९० किलो. हवेचा वरचा रेटा किती?

१६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ३० मी/से वेगाने आला. हात मागे घेत ०.१ सेकंदात झेलला तर हाताला सरासरी किती बल सोसावं लागेल? हात ताठ ठेवून ०.०१ सेकंदात थांबवला तर?

चंद्रावर १९७१ साली अपोलो-१५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी हातोडी आणि पीस एकाच वेळी सोडलं. दोन्ही एकदमच खाली आली. दोन्हींवरच्या बलांची चित्रं काढा.

उत्तरं: पहिल्यात १८ न्यूटन. ३० लिहिलं असेल तर ६ किलोच्या खोक्याचं एकट्याचं चित्र काढा. त्याला हात शिवत नाही. दुसऱ्यात ८८२ न्यूटन. तिसऱ्यात ४८ आणि ४८० न्यूटन. चौथ्यात प्रत्येक चित्रात एकच बाण, खाली, आणि कर्ता चंद्र. तिथे हवा नाही, म्हणून पिसाला अडवणारा दुसरा कर्ताच नाही.